तेंगवहिनींचं मडकं आणि लाओ मूची जीभ

आमच्या नानथान गावात सोमवारी सकाळी दोन गोष्टी गरम असतात. एक तेंगवहिनींच्या मडक्यातलं माशाचं कढण आणि दुसरं लाओ मूचं मत.

कढण भल्या मोठ्या मातीच्या मडक्यात उकळत असतं. मत वहिनींच्या दुकानाच्या भिंतीवर असतं, भाताच्या खळीने चिकटवलेलं. कागद साधा, शाई काळी, अक्षरं अशी की जणू बदकं चिखलातून चालत गेली आहेत. चौ मास्तर, म्हणजे आमच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, येतात, चष्मा कपाळावरून नाकावर घेतात आणि खिशातल्या लाल पेन्सिलीने त्या अक्षरांच्या चुका सुधारतात. मताला मात्र हात लावत नाहीत. मग कोणीतरी मोठ्याने वाचतं, आणि तांदळाच्या शेवयांचे वाडगे हातात धरून आम्ही सगळे भांडायला लागतो. असा आमचा सोमवार. तुम्ही कुठल्याही राजाचा दरबार पाहिला असेल, मी त्याच्याशी हा सोमवार बदलणार नाही.

लाओ मूचं खरं नाव अंबिलिशे म्वाकासेगे. ते आमच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यातला ‘म’ धरून आम्ही त्याला मू केलं, आणि केस पिकल्यावर पुढे मानाचं ‘लाओ’ लागलं. तो टांझानियातल्या डोंगराळ मुलखातला, जिथे चहाचे मळे आहेत आणि धुकं आहे. त्याच्या लहानपणी आमच्या देशातली माणसं तिकडे रेल्वेचे रूळ टाकायला गेली होती. त्याचे वडील त्यांच्यासोबत खडी फोडत. तेव्हापासून त्याला या देशाबद्दल कुतूहल. चोविसाव्या वर्षी तो नानछांग शहरात पंपांचं शिक्षण घ्यायला आला आणि शिकून झाल्यावर आमच्या पंपघरात कामाला लागला. दोन वर्षांसाठी. त्याला आता पस्तीस वर्षं झाली.

तो इथला कधी झाला, असं विचाराल तर मी तारीख सांगू शकतो. अठ्ठ्याण्णवच्या पुरात पोयांग सरोवर आमच्या उंबऱ्याशी आलं होतं. बांधाच्या आतलं पाणी बाहेर फेकायला तीनच पंप, त्यातला एक सारखा धाप टाकत होता. मू तीन दिवस छातीभर पाण्यात उभा राहून त्या पंपाला शिव्या देत होता. आमच्या बोलीतल्या शिव्या, अस्सल, आमच्या नावाड्यांकडून शिकलेल्या. चौथ्या दिवशी पाणी उतरायला लागलं. तेंगवहिनी तेव्हा नावेवरच राहायच्या. त्यांनी नावेवरच्या चुलीवर कढण केलं, मोठा वाडगा भरला आणि बांधावर बसलेल्या त्या थकलेल्या माणसाच्या हातात ठेवला. सगळं गाव बघत होतं, आता हा पाया पडणार की रडणार. मूने एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाला, “मीठ कमी आहे.”

आणि मग तेंगवहिनी अशा हसल्या, अशा हसल्या, की त्यांच्या हातातली पळी पाण्यात पडली.

कारण आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. ज्याने रांधलं त्याच्या तोंडावर त्याच्या अन्नाला नाव ठेवायचं नाही, हा आमच्या रक्तातलाच धडा. भात करपला तर आम्ही म्हणतो, वास किती खमंग. मासा कच्चा राहिला तर म्हणतो, किती ताजा. समोरच्याचा चेहरा उतरू द्यायचा नाही. मू यातलं काहीच शिकला नाही. बोली शिकला, शिव्या शिकला, पत्ते शिकला, इथलीच बायको केली, पण हे मात्र शिकला नाही. पोटात आलं की ओठावर.

त्याची बायको म्हणते, घरात याची मतं ठेवायला जागा उरली नाही, म्हणून हा ती भिंतीवर लावतो.

काय काय मतं! एकदा लिहिलं होतं : “खानावळीत जेवण झालं की तीन माणसं एकमेकांच्या बाह्या ओढत ‘मी देतो, मी देतो’ म्हणून भांडतात. मी इतकी वर्षं बघतोय. ज्याला खरंच द्यायचं असतं तो हात धुवायच्या निमित्ताने आधीच उठून देऊन आलेला असतो. माझं मत : तरी भांडण चालू ठेवा, बघायला छान वाटतं.” एकदा लिहिलं : “तुम्ही केळी पिकल्यावर खाता, म्हणजे फार उशिरा खाता.” यावर आठवडाभर वाद झाला. शेवटी त्याने हिरवी केळी शेंगदाण्याच्या कुटात शिजवून आणली. आम्ही सगळे म्हणालो, छान, छान, आणि कोणी दुसरा घास घेतला नाही.

सरोवरावरची मासेमारी दहा वर्षांसाठी बंद झाली आणि आम्हा नावाड्यांना किनाऱ्यावर घरं मिळाली, तेव्हा मी आणि माझ्यासारखे कित्येक नुसते गुडघ्यांवर हात ठेवून बसलो होतो. काय बोलावं कळत नव्हतं. मूने लिहिलं : “मासे वाढतील, हे चांगलं. पण नव्या घरांच्या सगळ्या खिडक्या सरोवराकडे पाठ करून का? ज्याने नकाशा काढला त्याला एक दिवस या खिडकीत बसवा.” मी ते दोनदा वाचलं. माझंच म्हणणं होतं ते, मला शब्द सापडले नव्हते. महिन्याभराने कचेरीने किनाऱ्यावर चार बाकं आणून ठेवली, पाण्याकडे तोंड करून. त्यातल्या दुसऱ्या बाकावर मी रोज बसतो.

पण ज्या मतावरून त्याने सगळ्यात जास्त टोमणे खाल्ले ते गरम पाण्याचं. आमच्या गावात प्रत्येकाच्या काखोटीला थर्मास. ताप आला, गरम पाणी प्या. पोट दुखलं, गरम पाणी प्या. मुलीचं लग्न मोडलं, बाई, आधी थोडं गरम पाणी पी. मूने लिहिलं : “गरम पाण्याने सगळं बरं होत नाही.” एवढंच. चौ मास्तरांनी लाल पेन्सिल उचलली, पण चूक एकही सापडली नाही. मग रागाने म्हणाले, “लाओ मू, तुझ्या सांधेदुखीचं मूळ आज कळलं मला. थंड पाणी पितोस, गाढवा.”

तर अशा या माणसाची थोरली बहीण गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी वारली आणि तो आपल्या मुलखाला गेला. जाताना म्हणाला, महिन्यात येतो. तिकडे भावांमध्ये जमिनीचं काहीतरी निघालं, आणि त्याला परतायला पाच महिने लागले.

त्या पाच महिन्यांत आमच्याकडे दोन गोष्टी झाल्या.

पहिली अशी की जुना बाजार पाडायचं ठरलं. तिथे रस्ता रुंद होणार आणि सरोवराकाठी नवी गल्ली उभी राहणार. जुन्या चवीची गल्ली असं तिचं नाव, लाकडी खांब, लाल कंदील, बारा दुकानं. बारापैकी शेवयांचं दुकान एकच. आणि शेवयावाले गावात दोन : तेंगवहिनी, आणि गोंग बंधू, ज्यांच्या दुकानावर रंगीत दिवे फिरतात. निवाडा चवीवर. वसंतात एका सकाळी तीन परीक्षक येऊन दोन्हींकडे खाणार होते. जो हरेल त्याचं दुकान बाजाराबरोबर जाणार. तेंगवहिनींची नाव गेली होती, जाळं गेलं होतं, नवरा तर कधीच गेला होता. आईकडून आलेलं ते मडकंच काय ते उरलं होतं. सरकारने दिलेल्या घराच्या स्वयंपाकघरात ते मडकं दारातूनही आत जात नाही.

दुसरी गोष्ट अशी की कढण खारट झालं.

हिवाळ्यात वहिनींना मोठा ताप आला. आठ दिवस दुकान बंद होतं. नवव्या दिवशी त्या उभ्या राहिल्या, मडकं चढवलं आणि आम्ही धावत गेलो. पहिल्या घोटाला माझे कान हलले. मी चौ मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघत होते.

“कसं झालंय?” वहिनींनी विचारलं.

“वा!” मास्तर म्हणाले. “जशीच्या तशी चव.”

“लाओ फांग, तुम्ही सांगा.”

“छान आहे वहिनी,” मी म्हणालो. लाओ फांग म्हणजे मीच. “आठ दिवसांचा उपास फिटला.”

वाटलं, आजारातून उठल्या आहेत, हात बसेल पुन्हा. हात बसला नाही. आठवड्यागणिक मीठ वाढत गेलं. त्या रोज विचारत, कसं झालंय, आणि आम्ही रोज सांगत असू, फार छान. मग त्या आत गेल्या की टेबलाखाली थर्मासची झाकणं उघडायची. प्रत्येकजण आपापल्या वाडग्यात गुपचूप गरम पाणी ओतायचा. शेजारच्याला दिसू नये म्हणून वाडग्यावर वाकून. मला वाटायचं, हे मी एकटाच करतो. टोफू विकणारी निंगताई तर शेवया खाऊन झाल्यावर इतका चहा प्यायची की वहिनी म्हणाल्या, “अगं, तुझ्या पोटात विहीर आहे का?”

निवाड्याला चार दिवस उरले असताना लाओ मू परतला. बसमधून उतरला, काळा कोट, हातात केळफुलासारखी जांभळी पिशवी, आणि घरी न जाता सरळ दुकानात. वहिनींनी लांबूनच ओळखलं. पळी हातात तशीच, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आलास? मला वाटलं तिकडेच मंत्री झालास.”

“देत होते. कढण नव्हतं, म्हणून नाही म्हणालो.”

दुकानात हशा पिकला. त्याला वाडगा आला. त्याने घोट घेतला. त्याचं तोंड उघडायला लागलेलं मला दिसलं. तेवढ्यात टेबलाखाली चौ मास्तरांनी त्याच्या नडगीवर अशी लाथ मारली की वाडगा हिंदकळला.

“काय रे, काय झालं?” वहिनींनी विचारलं.

“मुंग्या,” मास्तर म्हणाले. “पायाला मुंग्या आल्या त्याच्या. लांबचा प्रवास.”

आम्ही त्याला ओढतच किनाऱ्यावर नेलं, माझ्या बाकापाशी.

“ते कढण आहे की समुद्र?” मू ओरडला. “पाच महिने मी नव्हतो तर तुम्ही तिला सांगितलं नाही?”

“हळू बोल!” मास्तर म्हणाले. “चार दिवस राहिले आहेत. आज सांगितलंस तर तिचा धीर खचेल. ती मडकंच चढवणार नाही. तिला ओळखत नाहीस का?”

“ओळखतो म्हणूनच सांगणार.”

मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले. बुटका माणूस, मूच्या छातीपर्यंत येतो. “पस्तीस वर्षं ऐकतोय मी, ‘मी नानथानचा, मी नानथानचा.’ मग एकदा तरी नानथानच्या माणसासारखा वाग. गप्प बस. परीक्षक गेले की सांग हवं ते.”

मू बाकावर बसला. मला मास्तरांचं वाक्य तेव्हा बिनतोड वाटलं होतं. सरोवर समोर चकाकत होतं, पाणपक्षी उतरत होते, आणि त्या मोठ्या माणसाचे खांदे हळूहळू खाली आले.

“बरं,” तो म्हणाला. “नाही बोलणार.”

त्या सोमवारी भिंतीवर कागद लागला नाही. वहिनींनी दोनदा भिंतीकडे बघितलं. मला ते दिसलं, आणि मी शेवयांत तोंड घातलं.

निवाड्याची सकाळ उजाडली ती ढोल घेऊनच. संध्याकाळी चौकात नाचणाऱ्या आमच्या बायका त्या दिवशी सकाळीच लाल पंखे घेऊन जमल्या होत्या. गोंग बंधूंनी दारात फुग्यांची कमान लावली. आमच्याकडे फुगे नव्हते, पण वहिनींच्या दुकानासमोर सगळा जुना नावाडी गोतावळा उभा होता. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांनी दाढ्या करून गाल कापून घेतले होते. परीक्षक आधी गोंगांकडे जाणार, मग इकडे.

आम्हा पाण्यावरच्या माणसांत एक रीत आहे. मोठ्या दिवशी चुलीवरून उतरलेला पहिला वाडगा सरोवराचा. घरातल्या कर्त्या बाईने तो स्वतः काठावर नेऊन पाण्यात ओतायचा, दोन शब्द बोलायचे आणि मागे वळून न बघता परत यायचं. वहिनी निळं नवं जाकीट घालून निघाल्या. जायला यायला पाव तास. दुकानात कोणी नाही. मडकं एकटं.

हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी मागच्या दाराने आत गेलो. छाती अशी धडधडत होती, जसं जाळ्यात काहीतरी मोठं सापडल्यावर धडधडते. वाडग्यात पाणी घालता येतं, पण परीक्षकांच्या वाडग्यात कोण घालणार? मडक्याचं झाकण उचललं, वाफ अंगावर आली, आणि माझा अख्खा थर्मास मी आत रिकामा केला. झाकण ठेवलं, बाहेर आलो, विलोच्या झाडाखाली उभा राहून घाम पुसला. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळाने चौ मास्तर मागच्या दारातून बाहेर पडले. म्हणाले, “सहज, चुलीकडे लक्ष ठेवायला.” मग निंगताई किटली घेऊन दिसली. वाटलं, चहाला पाणी नेत असेल. माणूस आपल्याच चोरीच्या आनंदात असला की दुसऱ्याच्या हातातली किटली त्याला दिसूनही दिसत नाही.

वहिनी परतल्या. चेहरा उजळलेला. पळीने मडकं ढवळलं आणि माणसांसाठीचा पहिला वाडगा भरला, आणि तो लाओ मूसमोर ठेवला, नेहमीसारखा.

“चाख,” त्या म्हणाल्या. “परीक्षक गोंगांकडे बसलेत. अर्धा तास आहे.”

दुकानाच्या दारात सगळे गोळा झाले. मूने घोट घेतला. त्याच्या भुवया वर गेल्या. दुसरा घोट घेतला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे. आम्ही दोघेही डोळ्यांनी विनवत होतो, बोल, छान म्हण.

“कसं झालंय?” वहिनींनी विचारलं. नेहमीपेक्षा हळू.

मूने वाडगा खाली ठेवला. चार दिवस ज्या माणसाने तोंड शिवून ठेवलं होतं तो आता सरळ वहिनींकडे बघत होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “हे कढण नाही. हे गरम पाणी आहे.”

“मू!” मास्तर ओरडले.

“गरम पाणी!” मू उठून उभा राहिला. “चार दिवसांपूर्वी मिठाची खाण होती, आज गरम पाणी! मला मारा, गावाबाहेर काढा, मी नानथानचा नाही असं लिहून द्या. पण हे त्या तिघांच्या पुढे ठेवू नका!”

वहिनी आमच्याकडे वळल्या. एकेकाच्या तोंडाकडे बघत.

“मिठाची खाण?”

बाहेर ढोल वाजत होता. शेवटी निंगताई रडायलाच लागली. “मावशी, मी एकच किटली ओतली हो. खारटपणा जरा मरावा म्हणून.”

“तू ओतलंस?” मास्तर दचकले. “मग मी का ओतलं?”

“मास्तर, तुम्ही पण?” मी म्हणालो, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दारातून नाचणाऱ्या बायकांपैकी एकीने लाल पंखा तोंडापुढे धरला आणि म्हणाली, “आम्ही दोघींनी मिळून एकच थर्मास. छोटा होता.”

मला वाटलं, आता पळी डोक्यात बसणार. वहिनी खाली बाकड्यावर बसल्या. निळ्या जाकिटाची वरची गुंडी त्यांनी काढली.

“मला चव लागत नाही,” त्या म्हणाल्या. “त्या तापापासून. आंबट, खारट, काहीच नाही. कोणाला सांगितलं नाही. हाताच्या अंदाजाने टाकत होते आणि तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही छान म्हणायचात. मला वाटायचं, खरंच छान असेल तर दोनदा मागून का घेत नाहीत? म्हणजे मीठ कमी पडत असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी थोडं टाकायची.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं, जिथे कागद नव्हता. “याची वाट बघत होते मी. हा आला की सांगेल. आला, आणि हाही गप्प.”

मूने मान खाली घातली. “चुकलो, वहिनी.”

“चुकलास. आता उठ.” आणि त्या स्वतःच उठल्या. मी त्या बाईला वादळात नाव वळवताना पाहिलेलं आहे. तसाच आवाज. “किती वेळ आहे?”

“वीस मिनिटं!”

“मास्तर, अर्धं मडकं उपसा. निंग, चूल फुंक, जाळ इतका कर की मडक्याला घाम फुटला पाहिजे. लाओ फांग, मागच्या गल्लीतल्या हौदातले दोन मोठे मासे काढा, डोकी छाटून आणा. पळा! मू, तू इथे उभा राहा. तुझं काम जीभ.”

काय सांगू ती वीस मिनिटं! मी म्हातारा माणूस, पण गल्लीतून असा पळालो की कोंबड्या उडाल्या. मास्तर बाह्या सरसावून कढण उपसत होते आणि स्वतःच्याच अंगावर सांडत होते. वहिनींनी डोकी चुरचुरत्या तेलात टाकली, आलं ठेचून टाकलं, दोन्ही बाजूंनी लाल केलं आणि उकळत्या मडक्यात सोडलं. जाळ वर चढला. मडकं बुडबुडलं, गुरगुरलं, आणि बघता बघता आतलं पाणी दुधासारखं पांढरं व्हायला लागलं. वास आला. तो वास, जो मला लहानपणी नावेच्या तळाशी झोपेतून उठवायचा.

“चाख!”

“अजून नाही. अंग आलं, मीठ नाही.”

“आता?”

“अर्धी चिमूट.”

“तोंड धू. मगाचं मीठ जिभेवर असेल.”

मूने इकडे तिकडे बघितलं. मास्तरांनी त्याच्यापुढे आपला थर्मास धरला. तळाशी दोन घोट उरले होते. “घे,” मास्तर म्हणाले. “गरम पाणी.”

मूने ते घेतलं. चूळ भरली. दुकान हसत होतं, आणि वहिनी ओरडत होत्या, “हसू नका रे, चूल बघा!”

“आता?”

मूने घोट घेतला. डोळे मिटले. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. ढोल थांबला होता, म्हणजे परीक्षक गोंगांकडून निघाले होते. तरी तो डोळे उघडेना.

“बोल की, मेल्या!” निंगताई किंचाळली.

“अठ्ठ्याण्णव साल,” तो म्हणाला. “पण या वेळी मीठ बरोबर आहे.”

परीक्षक तीन होते. दोन तरुण, एक पांढऱ्या केसांची बाई. तरुणांनी खाल्लं, कागदावर काहीतरी लिहिलं. त्या बाईने शेवया बाजूला सारल्या, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि कढण तळापर्यंत प्यायली. मग रिकामा वाडगा पुढे केला. “थोडं आणखी मिळेल?”

त्या तापानंतर पहिल्यांदा कोणीतरी दुसऱ्यांदा मागितलं होतं. वहिनींनी वाडगा भरला आणि जाकिटाच्या बाहीने डोळे पुसले.

“कोणाच्या हातचं आहे हे?” बाईने विचारलं.

“हात माझा,” वहिनी म्हणाल्या, आणि मागे उभ्या असलेल्या उंच माणसाकडे पळी दाखवली. “जीभ त्याची.”

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या फळ्यावर लागला. चौ मास्तर सगळ्यांना ढकलून पुढे घुसले, चष्मा कपाळावर तसाच ठेवून वाचायला लागले, काही दिसेना, मग नाकावर घेतला, आणि असे ओरडले की शाळेतही कधी ओरडले नसतील. आम्ही मडकं खांद्यावर घेतलं. सहा जण लागले. बाजारातून किनाऱ्यापर्यंत वाजतगाजत नेलं, पुढे लाल पंखे, मागे मी आणि निंगताई. मडक्याच्या पुढे मू हात पसरून उलटा चालत होता आणि सारखा ओरडत होता, “डावीकडे! दगड आहे! अरे, मत नाही हे, खरंच दगड आहे!” गोंग बंधूंनीसुद्धा दारातून फटाके लावले. त्यांना रेल्वे स्थानकाजवळ दुसरी जागा मिळाली, आणि त्यांच्या शेवयांबद्दलचं मूचं मत मी इथे लिहीत नाही.

आता नव्या गल्लीत रोज सकाळी असं असतं : वहिनी मडकं उतरवतात, मू चाखतो, तो मान हलवेपर्यंत कोणाला वाडगा मिळत नाही. सोमवारचा कागद नव्या भिंतीवर आहे. पहिल्या कागदावर त्याने लिहिलं होतं, “लाल कंदील फार आहेत.” खरंच फार आहेत.

मागच्या आठवड्यात मूच्या बायकोला बरं नव्हतं, त्याला यायला उशीर झाला. चाळीस माणसं शेवया खायच्या काड्या हातात घेऊन उभी. सरोवरावरून गार वारा येत होता. वहिनींनी वाट बघून बघून एक वाडगा भरला आणि माझ्या हातात दिला.

“लाओ फांग, आज तुम्ही सांगा.”

मी घोट घेतला. माझे कान किंचित हलले. छान हा शब्द ओठांवर आला होता, आयुष्यभराची सवय आहे त्याला, तो आपोआप येतो. मी तो गिळला. सगळं गाव बघत होतं. सरोवर चकाकत होतं.

“वहिनी,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, “थोडं खारट आहे.”

मागून कोणाच्या तरी काड्या खाली पडल्या. चौ मास्तर माझ्याकडे असे बघत होते जणू मी भर चौकात विजार सोडली. वहिनींनी एक क्षण माझ्याकडे रोखून बघितलं. मग पळी मडक्यात आपटली आणि मोठ्याने हसल्या, त्या पुराच्या दिवशी बांधावर हसल्या होत्या तशा.

“ऐकलंत का रे?” त्यांनी रांगेकडे तोंड करून हाक दिली. “लाओ फांगला बोलता येतं! निंग, एक पळी गरम पाणी आण बघू. एकच! आणि मोजून, माझ्या डोळ्यांसमोर!”